सतरा एकांचा भाजक

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, आमची शिवणखोली होती. वरच्या मजल्यांवर माणसं जन्मायची, बरी व्हायची, मरायची. आमच्याकडे यायच्या त्या फक्त त्यांच्या चादरी. चादर मध्ये विरली की ती उभी फाडायची, कडेचा धड भाग मध्ये आणायचा, विरलेला कडेला टाकायचा आणि शिवून पुन्हा वर पाठवायची. उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, बाळांची दुपटी, सगळ्याची हीच गत. चार मशिनं होती. खिडकीखालचं माझं आणि त्याच्या शेजारचं अक्काचं.

खिडकी म्हणजे छताला लागून एक फट. त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसायचे. अक्का बुटांवरून माणूस सांगायची. "हा बघ, बायकोशी भांडून आलाय, टाचा आपटतोय. आणि ही बया नवीन चपला दाखवायला मुद्दाम हळू चालतेय." आम्ही इतक्या हसायचो की एकदा माझ्या बोटातून सुई आरपार गेली. त्या वेळची अक्का अशी होती, हे आधीच सांगून ठेवते. नंतर ज्यांनी तिला पाहिलं त्यांना वाटायचं की ही बाई जन्मापासून घुमी असणार.

तिचा नवरा बोटीवर काम शोधायला म्हणून गेला तो परत आला नाही. "गेला तर गेला, घोरणं तरी थांबलं," एवढंच ती म्हणाली. दोन मुलं होती. त्यांना आम्ही सगळ्या थोरला आणि धाकटीच म्हणायचो. शाळा सुटली की दोघं तळघरात यायची आणि आईची कामाची पाळी संपेपर्यंत तिथेच असायची. धाकटी कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. थोरला टेबलावर.

त्या टेबलावर काळं लिनोलियम ठोकलेलं होतं. शिंप्याचा खडू त्यावर झक्क उमटायचा आणि ओल्या चिंधीनं पुसलाही जायचा. थोरल्यानं लहानपणापासून त्या टेबलाचा फळा केला. कापड पसरायला गेलं की खाली आकडे. कधीकधी एखाद्या गाऊनच्या पाठीवर उलटा पाच नाहीतर सात उमटायचा आणि डॉक्टर तो घालून ऑपरेशनला उभे राहायचे.

"मावशी, एक आकडा धरा," तो मला म्हणायचा.

"धरला. सोडू कधी?"

हसायचा आणि सांगायला लागायचा. त्याच्या सांगण्यात एक गोडवा होता. समोरच्याला कळत नाहीये हे त्याला कळायचंच नाही.

कॉलेजात गेल्यावर त्याच्या डोक्यात एकांचं वेड शिरलं. एक, एक, एक असे ओळीनं लिहायचे. "दोन लिहिले की अकरा झाले. अकराला कशानं भाग जातो? फक्त एकनं आणि अकरानं. म्हणजे ती मूळ संख्या. तीन लिहिले की एकशे अकरा. ते तीन गुणिले सदतीस, फुटले. बारा लिहिले तर बघायलाच नको. बारा बटणं तीन-तीनच्या पुड्यांत बसतात ना? तसे बारा एक तीन-तीन करून बसतात, म्हणून एकशे अकरानं भाग जाणारच. तेव्हा ज्यांच्या अशा पुड्या होतच नाहीत तेवढेच एक घ्यायचे. पाच, सात, अकरा, तेरा."

सात एकांचे भाग त्यानं टेबलावर गुणून दाखवले होते. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. तो बेरीज करत गेला आणि खाली एकामागून एक एकच उतरत गेले. मला गणितातलं ओ का ठो कळत नाही, पण तेव्हा अंगावर काटा आला. जणू कुणीतरी आत बसून ते लावून ठेवले होते.

पाच, सात, अकरा आणि तेरा एक त्यानं फोडले. पुढचे होते सतरा.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," अक्का म्हणाली. "चिंध्या माझ्याकडे काय कमी आहेत? हे कुठल्यातरी पुस्तकात असेलच की रे."

"असणारच. पण पुस्तकात बघायचं म्हणजे दुसऱ्याचं उष्टं खायचं. मला हातानं काढायचंय."

त्यानं तिला वाटही सांगितली. सतरा एकांना एखाद्या मूळ संख्येनं भाग जात असेल, तर ती संख्या चौतीसच्या पाढ्यातल्या कुठल्यातरी आकड्याच्या एक घर पुढे असते. एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस, अशी. मधल्यांतले तीननं, पाचनं, सातनं भाग जाणारे गाळायचे आणि उरलेल्यांनी एकेक करून भाग घालत जायचं. बाकी शून्य आली की जिंकलो.

"चौतीसच का?" मी विचारलं.

"ते सांगितलं तर तुम्ही मशिनवरच झोपाल, मावशी."

"आणि कुठवर जायचं?"

"साडेदहा कोटींच्या आसपास. तिथवर कुणी भेटलंच नाही, तर सतरा एक ही मूळ संख्या."

"साडेदहा कोटी!" अक्कानं कपाळाला हात लावला. "तोवर तुझी पोरंबाळंसुद्धा म्हातारी होतील."

त्याच वर्षी त्याच्या पायांवर सूज यायला लागली. आधी वाटलं बुटांनी येते. मग चेहरा सुजला. किडन्या दोन्ही कामातून गेल्या होत्या. त्याला आमच्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर ठेवलं. अक्का मधल्या सुट्टीत जिन्यानं धावत वर जायची, पाळी संपली की पुन्हा वर. धाकटी शेजारणीकडे जेवायची.

वरची एक गोष्ट अक्कानं मला सांगितली, तीही एकदाच. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "आई, खाली काहीतरी टोचतंय गं." तिनं त्याला कुशीवर वळवून पाहिलं. चादरीची मधली शिवण होती, जोडलेल्या चादरीची. टाके तिचेच होते. आपले टाके आपल्याला ओळखू येतातच. तिनं सिस्टरांशी भांडून नवी चादर मिळवली. त्यानंतर आमच्या खोलीतली प्रत्येक चादर ती शिवण उलगडून, दाबून, पुन्हा सपाट शिवायला लागली. सुपरवायझरबाई ओरडल्या, पण तिनं ऐकलं नाही.

त्याच्या बोटांत खडू राहीना, तेव्हा तिनं पुठ्ठ्यावर काळं अस्तर ताणून पाटी केली. तो पडल्या पडल्या सांगायचा आणि ती लिहायची. तिचं शिक्षण कितीसं? भागाकार शाळेत शिकली असेल तेवढाच, तोही विसरलेला. तो शिकवायचा. "आता वरचा एक खाली घे. आता कितीचा भाग जातो? हातचे किती? बाकी किती?" ती चुकायची, तो हसायचा. खडूची पूड चादरीवर सांडायची आणि सिस्टर करवादायच्या. एक भागाकार पुरा व्हायला अर्धी दुपार जायची. पण त्या वेळात तो दुखणं विसरायचा, आणि मला वाटतं तीही.

एका संध्याकाळी असाच एक आकडा संपला. शून्य आलं नाही, काहीतरी लांबलचक बाकी उरली. "पुढचा कुठला?" त्यानं विचारलं.

"उद्या करू रे. दमलास तू."

तो पहाटे गेला.

अक्का कामावर परत आली तेव्हा आम्ही कुणी तिच्याशी डोळे भिडवू शकलो नाही. तिनं सकाळभर चादरी शिवल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. मग टेबलापाशी गेली, कापड बाजूला सारलं, खडू घेतला आणि सतरा एक लिहिले. शेजारी राहिलेला पुढचा आकडा लिहिला. ओठ हलत होते. "वरचा एक खाली. हातचे तीन."

आम्ही बाकीच्या एकमेकींकडे बघत राहिलो. सुपरवायझरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. करू दे, दुःख आहे, निवळेल, असं सगळ्यांनाच वाटलं.

ते निवळलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत ती टेबलापाशी. रविवारी घरी, त्या अस्तराच्या पाटीवर. भागाकार झाला की बाकी बघायची, चिंधीनं पुसायची आणि चौतीस मिळवून पुढचा आकडा घ्यायची. केलेलं काही जपून ठेवायची नाही. आपण कुठवर आलो तेवढा एकच आकडा घरच्या कपाटाच्या दारावर आतून खडूनं लिहायची. पुढचा लिहिला की आधीचा पुसायची.

हळूहळू तिचा हात बसला. एका सुट्टीत चार-पाच भागाकार व्हायला लागले, पुढे त्याहून जास्त. हजार मागे पडले, लाख मागे पडले. आकडा मोठा होत गेला तशी ती बारीक होत गेली. खिडकीतून बूट जातच होते. ती मान वर करायची नाही. मी कधी मुद्दाम म्हणायची, "अक्का, हा बघा, एका पायात काळा मोजा आणि एका पायात निळा." ती हं म्हणायची.

एकदा मी धीर करून विचारलं, "अक्का, साडेदहा कोटींपर्यंत जाणार का तुम्ही? मी काही हिशेबातली नाही, पण या चालीनं सात जन्म पुरायचे नाहीत."

"मला कुठं जायचंय?" ती म्हणाली. "त्याचं अर्धं राहिलंय, ते करतेय."

या सगळ्यात धाकटी मोठी होत होती. कशी झाली ते तिचं तिलाच माहीत. शाळेतून यायची, टेबलाखाली न बसता माझ्या मशिनशेजारी स्टुलावर बसायची. एकदा धावत आली, गाल लाल झालेले. "आई, निकाल लागला. आई, मी वर्गात..."

"थांब गं, हातचा विसरेन."

पोर थांबली. आईनं भागाकार पुरा केला, पुसला, आणि मग वळली. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

निकाल तिनं मला दाखवला. मी तिला जवळ घेतलं, पण मावशीच्या कुशीची ऊब ती किती असणार? दुधाची तहान ताकावर. तिला ते कळत होतं आणि मलाही.

धाकटी शिकली, नकाशे काढायच्या कचेरीत लागली. आईचं जेवणखाण, औषधं, घर, सगळं तीच बघायची. कचेरीनं तिला दुसऱ्या शहरात वरची जागा देऊ केली, तर नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मी म्हटलं, "अगं, लक्ष्मी टिळा लावायला आलीय आणि तू तोंड कसलं धुतेस?" तर म्हणाली, "थोडे दिवस थांबते, मावशी. आई एकदा मोकळी होऊ दे."

आणि मग एका सोमवारी, कुणाला काही कळायच्या आत, तिनं हो म्हणून टाकलं. चार दिवसांत सामान बांधलं. माझा निरोप घ्यायला आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी विचारलं, झालं काय एकदम? तिनं मान हलवली. अक्का तिला बसपर्यंत पोचवायला गेली, परत आली आणि सुट्टी संपायला वेळ होता म्हणून टेबलापाशी उभी राहिली.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एक दिवस दुपारी एक जाडजूड चष्मेवाला माणूस आमच्या दारात येऊन उभा राहिला. केस पांढरे व्हायला लागलेले, अगदी ओशाळलेला. त्याच्या वडिलांची कवळी उशीच्या अभ्र्यात राहिली होती आणि अभ्रा धुलाईला आला होता. वडील वर बिनदातांचे बसून त्याच्या नावानं ओरडत होते. आम्हाला हसू आवरेना. धुलाईखान्यातला माणूस तो गठ्ठा घेऊन आला, आम्ही अभ्रे झटकायला लागलो आणि कवळी टुणकन टेबलावर पडली. अक्काच्या आकड्यांच्या मधोमध.

ती उचलायला तो वाकला आणि तसाच राहिला.

"हे कोण करतंय?" त्यानं विचारलं.

अक्कानं वर पाहिलं. त्यानं चष्मा पुसून पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "काकू?"

थोरल्याचा कॉलेजातला दोस्त होता तो. एका बाकावर बसायचे. थोरला गेल्यावर तो दूर शिकायला गेला होता. आता गणितच शिकवत होता. खुर्ची ओढून बसला. थोरल्याबद्दल बोलायला लागला. कसा प्राध्यापकांना अडवायचा, कसा बसच्या तिकिटावरचा आकडा फोडल्याशिवाय तिकीट खिशात टाकायचा नाही. अक्काच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांनी रंग पाहिला. जणू घरात दिवा लागला.

मग त्यानं सहज विचारलं, "कुठवर आलात, काकू?"

"बावीस लाख दहा हजार एकोणसत्तर," अक्का म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. लपवायला गेला, पण माणूस सरळ होता, जमलं नाही त्याला. खिशातून पेन काढलं, हाताच्या तळव्यावर काहीतरी आकडे केले. मला वाटलं तो ताडून बघतोय. तसंच होतं. अक्काच्या आकड्यातून एक वजा करून चौतीसनं भाग घालत होता. भाग गेला.

"तुमची वाट चुकलेली नाही," तो पुटपुटला.

"वाट चुकायला काय झालं? चौतीस मिळवायचे असतात." अक्का त्याच्याकडे रोखून बघत होती. "तू गणित शिकवतोस. तुला ठाऊक असेल. भाग जातो का रे याला?"

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी त्याला सोडवणार होते. मी मान खाली घातली.

"खरं सांग. त्याची शपथ आहे तुला."

"जातो, काकू."

"पुढे आहे का अजून? लांब आहे?"

तो खुर्चीतून उठायला लागला. वर वडील वाट बघत होते, हातात कवळी होती. अक्कानं खडू त्याच्यापुढे धरला. त्यानं टेबलाच्या कोपऱ्यात, अगदी लहान अक्षरांत लिहिलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

"हा तर मागे गेला," अक्का म्हणाली.

"हा मी केलाय. यानंतरचे सगळे केलेत. इथे काही निघालं नव्हतं."

"एखादा हातचा राहिला असेल, काकू. एवढ्या मोठ्या भागाकारात कुणाचाही..."

तिनं ओली चिंधी घेतली, सगळं टेबल पुसलं. एका टोकापासून सतरा एक लिहिले आणि तो आकडा शेजारी मांडला. मग सावकाश, एकेक अंक उतरवत, भाग घालायला लागली. ओठ हलत होते. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पण कुणी मशिनवर गेलं नाही. सुपरवायझरबाईसुद्धा दारात उभ्या राहिल्या. बाकी कमी होत गेली, पुन्हा वाढली, पुन्हा एक खाली आला. शेवटचा एक खाली आला तेव्हा तिचा हात थांबला. समोर एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट होते. सातनं भाग गेला. तिनं वजाबाकी केली, आणि खाली शून्य लिहिलं.

आमच्यातली एक नवी पोरगी होती, बिचारीला काही माहीत नव्हतं. तिनं टाळ्या वाजवल्या. "निघालं! अक्का, निघालं तुमचं!"

अक्का त्या शून्याकडे बघत होती. "मग त्या दिवशी मी काय केलं?" ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "त्या दिवशी मी काय केलं?" आम्हाला विचारत होती, पण आम्ही काय सांगणार? तो दिवस कुठला होता हे तरी कुणाला ठाऊक होतं? तेव्हा आम्ही शेजारीच बसलो असणार, जेवत असणार, काहीतरी हसण्यावारी नेत असणार. ती ते पुसून पुढे गेली होती.

चष्मेवाला रडत वर गेला.

मी धाकटीला फोन केला. ती शनिवारी आली आणि रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. अक्का पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. धाकटीनं चहा ठेवला होता. मी घडलेलं सगळं तिला सांगितलं. आकडा सांगायला गेले तर अडखळले. तिनं तो पुरा केला. "...सातशे तेवीस."

अक्का उठून बसली.

"तुला कसा ठाऊक?"

"शाळेत होते तेव्हापासून ठाऊक आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, तेच भयंकर होतं. "वाचनालयात पुस्तक मागून बघितलं होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय केलं असतंस? दादाला उष्टं नको होतं ना? तुला तरी कसं चाललं असतं? मी म्हटलं, असू दे. आज ना उद्या आई तिथवर पोचेल. बाकी शून्य येईल, तेव्हा रडेल, हसेल, मग तिचं काम संपेल. मग मी आहेच." तिनं कप खाली ठेवला. "रोज घरी आले की आधी कपाट उघडायचे. आई, मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा तो आकडा बघितलाय. वीस लाख झाले, तेव्हापासून मला झोप नव्हती. नोकरी नाकारली. वाटायचं, या महिन्यात, या आठवड्यात. आणि एका रविवारी कपाट उघडलं तर तू त्याच्या पुढे गेलेली होतीस. दोन आकडे पुढे."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"तेव्हा तरी सांगायचंस," अक्का म्हणाली.

"तेव्हा मला वाटलं, तुला तो सापडायला नकोच आहे."

"नाही गं. नाही. तसं नाही."

"ठीक आहे, आई. नसेल."

"चुकले मी. हातचा राहिला असेल. तुझी शपथ..."

"ठीक आहे म्हटलं ना."

एवढंच झालं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आरडाओरडा, रडारड होऊन दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या असत्या. पण धाकटीचं रडून झालं होतं, कधीच, एकटीचं. आणि अक्काला तिच्यापुढे रडायचा हक्क आपल्याला आहे असं वाटत नसावं.

अक्का पुन्हा कामावर आली. जेवणाच्या सुट्टीत टेबल रिकामं राहायला लागलं. ती मशिनवरच बसून डबा खायची, सगळा खायची, चव न लागता. मी म्हटलं, आता तरी बूट बघा. ती बघायची, पण कुणाबद्दल काही म्हणायची नाही. नजर कमी झाली होती आणि टाका वाकडा जायला लागला होता. काही महिन्यांनी तिनं काम सोडलं. धाकटी येऊन तिला घेऊन गेली. धाकटीनं कर्तव्यात कधी कसूर केली नाही. तिच्या घरात आईसाठी वेगळी खोली होती, उजेडाची, मोठ्या खिडकीची.

मी एकदाच गेले त्यांच्याकडे. बसनं बराच लांबचा पल्ला. अक्का खिडकीशी बसली होती, स्वच्छ कपडे, केस विंचरलेले. पाहुणी बसते तशी, खुर्चीच्या कडेवर. मला बघून खूश झाली, मशिनचा पट्टा बदलला का विचारलं. धाकटी कचेरीतून यायची होती.

"अक्का, बरं वाटतं ना इथे?"

"करते गं ती सगळं. काही म्हणून कमी नाही." मग हळूच म्हणाली, "तुला एक सांगू? त्याचा आवाज गेला."

"कुणाचा?"

"भाग घालताना ऐकू यायचा. 'हातचे किती? बाकी किती?' तोच विचारायचा, मी सांगायची. एवढी वर्षं बोलत होता माझ्याशी. आता आठवून बघते तर तोंड हलताना दिसतं, आवाज येत नाही." तिनं हात मांडीवर उलटा ठेवला, बोटांना खडूची सवय होती तशी ती मिटली. "आणि हिचा आवाज लहानपणी कसा होता ते तर मला मुळातच आठवत नाही. मी ऐकलाच नाही गं तो."

तेवढ्यात धाकटी आली. पिशवी ठेवली, मला मिठी मारली, आईला विचारलं, "गोळी घेतलीस?" अक्कानं मान हलवली. मग एकदम, खूप वेळ मनात जुळवून ठेवल्यासारखं, तिनं विचारलं, "बाळ, शाळेत तुला काय आवडायचं गं?"

धाकटी थबकली. चाळिशीला आलेली बाई ती, कानांजवळ दोन पांढरे केस.

"आता काय करायचंय ते, आई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मग चहा टाकायला आत गेली, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.